नित्याचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ

दिवेलागणीची वेळ आहे, आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी इंग्रजीचे पुस्तक पुढ्यात घेऊन शब्द घोकीत बसली आहे, हे दृश्य शहरातील सुशिक्षित घरांना नवीन नाही. 'टेक' म्हणजे घेणे, 'लेटर' म्हणजे पत्र, 'अंकल' म्हणजे काका. शब्द दहा वेळा घोकून झाले, वहीत पाच वेळा लिहून झाले. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर एक वाक्य आले, 'टेक धिस लेटर टु युवर अंकल.' मुलीने मोठ्या विश्वासाने भाषांतर केले, 'हे पत्र तुझ्या काकांना घे.' वही परत आली ती तांबड्या शाईची रेघ घेऊन. खाली शुद्ध वाक्य लिहिलेले होते, 'हे पत्र तुझ्या मामांकडे ने.' पाठातील तो 'अंकल' आईचा भाऊ होता! संध्याकाळी ती वही घेऊन आजोबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, शब्द तर सगळे पाठ होते माझे. मग चूक कोणाची?"

प्रश्न लहान तोंडचा असला तरी लहान नाही. तो ज्या मुलाच्या मनात उठतो आणि अनुत्तरित राहतो, ते मूल हळूहळू अशी समजूत करून घेते की, इंग्रजी ही एक लहरी भाषा आहे, किंवा आपल्यालाच बुद्धी कमी आहे. या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि दुसरी तर घातक आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी पाचव्या इयत्तेपासून सुरू होणारे इंग्रजी २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच आले. म्हणजे ज्या वयात मुलाला स्वतःच्या भाषेतील शब्दांचीही पुरती ओळख झालेली नसते, त्याच वयात परभाषेचे शब्द त्याच्या पदरी पडतात. अशा वेळी त्या शब्दांचे अर्थ त्याला कोण, कसे सांगतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहते.

सर्वसाधारण समज असा की, अवघड शब्दांचे अर्थ सांगणे अवघड आणि सोप्या शब्दांचे सोपे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. 'टेलिस्कोप' म्हणजे दुर्बीण, एवढे सांगितले की काम संपते. 'गेट', 'पुट', 'हॅव' हे शब्द मात्र एका शब्दात सांगू गेल्यास सांगणाऱ्याची फजिती होते. खुद्द इंग्रज कोशकारांनाही ही अडचण चांगली ठाऊक होती, आणि प्रारंभी तर त्यांनी ती सरळ टाळलीच. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तराने इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला कोश छापला. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते. परंतु ते सारे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच इत्यादी भाषांतून आलेले कठीण शब्द. पाणी, भाकरी, येणे, जाणे यांचे अर्थ कोणी विचारील, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. नित्याच्या शब्दांना कोशात पद्धतशीर जागा मिळावयास १७०२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निघालेला आणि जॉन कर्सी याचा समजला जाणारा कोश या दृष्टीने पहिला होय. पुढे १७२१ साली नेथन बेली याने मोठा कोश रचला. पण घोड्यासारख्या रोजच्या प्राण्यापाशी आल्यावर त्यानेही तो सर्वांच्या ओळखीचा पशू आहे, एवढेच सांगून पुढचा रस्ता धरला.

१७५५ साली डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याचा सुप्रसिद्ध कोश बाहेर पडला. सुमारे बेचाळीस हजार शब्दांच्या त्या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु जाळीदार विणीसाठी इंग्रजीत जो साधा शब्द आहे, त्याची व्याख्या त्याने अशा जडजंबाल लॅटिन शब्दांत केली की, ती समजून घेण्यासाठी वाचकाला तोच कोश आणखी तीन ठिकाणी उघडावा लागे. लोकांनी त्या व्याख्येची पुष्कळ थट्टा केली. तीतून निघणारा बोध मात्र थट्टेचा नाही. सोपी वस्तू अवघड शब्दांनी सांगितल्यास ती अवघड होते. मुलाला अर्थ सांगू बसलेल्या वडीलमाणसाने हे वाक्य मनात कोरून ठेवावे.

पुढे ऑक्सफर्डचा महाकोश निघाला. त्याचा पहिला भाग १८८४ साली प्रसिद्ध झाला आणि शेवटचा १९२८ साली. या अवाढव्य कामात सर्वांत अधिक जागा कोणत्या शब्दाने अडवली? एखाद्या शास्त्रीय संज्ञेने नव्हे, तर तीन अक्षरांच्या 'सेट' या शब्दाने. कोशाच्या चालू शतकातील संशोधित आवृत्तीचे काम करताना 'रन' या तितक्याच छोट्या क्रियापदाने त्यालाही मागे टाकले. त्याचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदले गेले. घोड्याने धावावे, नदीने वाहावे, यंत्राने चालावे, रंगाने कपड्यावर फुटावे, दुकान कोणी चालवावे, आणि या सगळ्यास इंग्रजाने एकच शब्द वापरावा! यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. रोज हाताळलेले नाणे जसे सर्व बाजारांत फिरते, तसा रोज वापरलेला शब्द सर्व प्रसंगांत फिरतो. मराठीतले 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, घर लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, आणि मूल रडू लागते. परक्या माणसाला 'लागणे' याचा एका शब्दात अर्थ सांगून पाहावा, म्हणजे 'गेट' शिकणाऱ्या मुलाविषयी सहानुभूती आपोआप उत्पन्न होईल.

सोप्या शब्दांचा हा अवघडपणा दूर करण्याचा खरा प्रयत्न, विशेष हे की, इंग्लंडबाहेर इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी केला. मायकेल वेस्ट हे गृहस्थ बंगालमध्ये ढाका येथे शिक्षणखात्यात होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही एक साधे पुस्तक सुखाने वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. निवडक शब्दांत लिहिलेली वाचनमाला त्यांनी तयार केली आणि १९३५ साली एन्डिकॉट यांच्या साहाय्याने एक कोश प्रसिद्ध केला. त्यातील हजारो शब्दांचे अर्थ केवळ १४९० सोप्या शब्दांच्या आत सांगितलेले आहेत. ज्याला तेवढे शब्द आले, त्याला पुढचा सारा कोश खुला! त्याच सुमारास, १९३० साली, ऑग्डन यांनी ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तीत क्रियापदे अवघी अठरा. जपानात शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह रचलेला विद्यार्थ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. शब्द वाक्यात कसा बसतो, हे दाखवण्यावर त्याचा सारा भर होता. १९७८ साली लाँगमनच्या कोशाने सुमारे दोन हजार शब्दांत सर्व अर्थ सांगण्याची प्रतिज्ञा पाळली. आणि १९८७ सालच्या कोबिल्ड कोशाने तर अर्थ पूर्ण वाक्यांतच द्यावयास आरंभ केला, जणू एखादे वडीलमाणूस मुलाला समजावून सांगत आहे.

या सर्व खटाटोपाचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. अर्थ सांगताना वापरलेले शब्द मूळ शब्दाहून सोपे असावेत. आणि अर्थ सुट्या शब्दाचा नव्हे, वाक्यातल्या शब्दाचा सांगावा. ही दोन पथ्ये पाळण्यास कोशकार असण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता आईलाही ती पाळता येतात.

मराठी घरापुढे मात्र एक निराळी अडचण असते, ती दोन भाषांच्या सांध्याची. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली झाला, त्यांनी आरंभलेला आणि कँडीसाहेबांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली बाहेर आला, आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या ग्रंथांचे उपकार फार मोठे आहेत. परंतु मोठ्या कोशातील दहा अर्थांपैकी पहिला तेवढा उचलून पाठ्यपुस्तकाच्या मागे 'शब्दार्थ' म्हणून छापण्याची जी रीत पडली, तिने मुलांच्या मनात एक भ्रम रुजवला. प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द जोडीला बांधलेला आहे, तो सापडला की गाठ सुटली, असा तो भ्रम होय. प्रत्यक्षात दोन भाषा जगाची वाटणी निरनिराळ्या रीतीने करतात.

मराठी माणूस साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो आणि फूल माळतो. इंग्रज हे सर्व 'वेअर' या एकाच शब्दात उरकतो. शेतात उभा असतो तो भात, पोत्यात असतो तो तांदूळ, ताटात वाढला की पुन्हा भात. इंग्रजाला तिन्ही ठिकाणी 'राइस' पुरतो. काका, मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान यांना तो एकाच 'अंकल'मध्ये बसवतो. उलट, हाताच्या आणि पायाच्या बोटांना मराठीत एकच नाव, तर इंग्रजीत 'फिंगर' वेगळे आणि 'टो' वेगळा. आकाशातून पडणारे हिम आणि पाण्यात टाकावयाचा खडा, दोन्ही मराठी मुलाला बर्फच. इंग्रज मुलाला एक 'स्नो' आणि दुसरा 'आइस'. ज्याच्या अंगणात जे पडते, त्याच्या भाषेत त्याला वेगळे नाव मिळते. मुलाला ही गंमत म्हणून दाखवली तर ते आनंदाने शोधू लागते. नियम म्हणून लादली तर कंटाळते.

काही शब्दांना मराठीत जोडीदारच नाही. 'हॅव' हा त्यांपैकी प्रमुख. मला भाऊ आहे, माझ्याजवळ दोन रुपये आहेत, तिला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत. या चारही वाक्यांत इंग्रजाला 'हॅव' हवा, आणि मराठीत त्यासाठी स्वतंत्र क्रियापदच नाही. मराठी 'आहे' म्हणूनच भागवते, आणि नाते कोणते ते 'ला', 'जवळ' यांवर सोपवते. म्हणून 'हॅव म्हणजे जवळ असणे' असे शिकलेला मुलगा 'माझ्याजवळ ताप आहे' असे लिहितो, आणि वर्ग हसतो. त्या हसण्याचा धनी तो मुलगा नसून त्याला मिळालेला अर्थ आहे.

आणखी एक फसवी जागा म्हणजे घरात रुळलेले इंग्रजी शब्द. मुलाला वाटते, हे तर मला येतात! परंतु मराठीत येताना पुष्कळ शब्दांनी आपला व्यवसाय बदललेला असतो. मराठीत हॉटेलात जावयाचे ते मिसळ खाण्यास किंवा चहा पिण्यास. इंग्रजीत 'हॉटेल' ही मुख्यतः प्रवाशाने मुक्कामास राहण्याची जागा. मराठी घरात 'लाइट' गेले म्हणजे वीज गेली. इंग्रजीत 'लाइट' म्हणजे प्रकाश किंवा दिवा. हे शब्द मराठीने पुरते आपलेसे केले आहेत, यात वाईट काही नाही. फक्त इंग्रजी वाचताना त्यांची मूळची ओळख मुलाला करून द्यावयास हवी.

आता नित्याच्या काही शब्दांचे अर्थ मुलांना कसे सांगावेत, याचे थोडे नमुने पाहणे योग्य होईल.

'हिअर' आणि 'लिसन' यांपुढे शब्दार्थात बहुधा एकच शब्द छापलेला असतो, ऐकणे. मुलाला असे सांगावे: रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा आपोआप ऐकू येतो, तो 'हिअर', आजी गोष्ट सांगते तेव्हा मुद्दाम कान देऊन ऐकावे लागते, ते 'लिसन'. त्याचप्रमाणे डोळे उघडे असले की दिसते, ते 'सी'; मान वळवून पाहिले, ते 'लुक'; क्रिकेटचा सामना शेवटपर्यंत टक लावून पाहिला, तो 'वॉच'.

'लेंड' आणि 'बॉरो' यांत मोठी माणसेही चुकतात. शेजारच्या काकू वाटीभर साखर उसनी मागावयास येतात. जी साखर देते, ती आई 'लेंड' करते. ज्या नेतात, त्या काकू 'बॉरो' करतात. साखर एकच, वाटी एकच. उभे कोण कोणत्या बाजूला, यावर शब्द ठरतो.

'हाउस' आणि 'होम' या दोहोंना मराठीत घरच म्हणतात. भिंती, दारे, छप्पर मिळून होते ते 'हाउस'. ते विकता येते, भाड्याने देता येते. ज्या ठिकाणी आपली माणसे वाट पाहत असतात ते 'होम'. सुट्टीत गावी गेलेल्या मुलाला ज्याची आठवण येते, ते हे दुसरे.

'पुट'चा अर्थ एक हालचाल करून दाखवावा: एखादी वस्तू हातातून दुसऱ्या जागी गेली आणि तेथे राहिली, की झाला 'पुट'. पुस्तक टेबलावर ठेवले, मीठ आमटीत घातले, तिकीट पाकिटाला लावले. मराठीत तीन क्रियापदे, पण हालचालीचे सूत्र एक. 'गेट'चेही तसेच. आधी नव्हते आणि आता आले, किंवा आधी तसे नव्हते आणि आता तसे झाले, हे त्याचे सूत्र. बक्षीस मिळाले, पावसात भिजलो, घरी पोचलो, थंडी वाढली. चारही ठिकाणी काहीतरी बदलले आहे. हे सूत्र ज्याला सापडले, त्याला 'गेट'चे तीस अर्थ घोकावे लागत नाहीत.

'यू' हा शब्द तर शिष्टाचाराचाच धडा आहे. मराठी मूल भावाला तू म्हणते, गुरुजींना तुम्ही म्हणते, आणि कार्यक्रमास आलेल्या पाहुण्यांना आपण म्हणते. इंग्रजीत तिघांनाही 'यू'. मग इंग्रज लोक मान कोठे ठेवतात? ते तो 'प्लीज'मध्ये, 'थँक यू'मध्ये आणि बोलण्याच्या सुरात ठेवतात. मराठीत पाणी मागताना 'कृपा करून' असे घरात कोणी म्हणत नाही. 'पाणी देता का जरा' यातल्या 'देता' आणि 'जरा' या दोन शब्दांतच सारी विनंती सामावलेली असते. म्हणून 'प्लीज म्हणजे कृपया' एवढेच न सांगता, मराठीत जे काम 'जरा' करतो ते इंग्रजीत 'प्लीज' करतो, असे सांगितले तर मुलाला तो शब्द केव्हा वापरावा हेही कळते.

या नमुन्यांवरून घरोघरी पाळता येण्याजोगी रीत सहज निघते. मुलाने शब्दाचा अर्थ विचारला, तर प्रथम 'वाक्य वाच' म्हणावे. सुटा शब्द म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा. तो कसा पोहतो हे त्याला हातात धरून समजावयाचे नाही. मग घरातला एखादा प्रसंग काढून अर्थ दाखवावा. शक्य असेल तेथे विरुद्ध शब्द सांगावा, कारण उजेड म्हणजे काय हे अंधाराने चटकन कळते. शेवटी मुलाकडून त्याचे स्वतःचे एक वाक्य करून घ्यावे, आणि वहीत शब्दापुढे मराठी अर्थाबरोबर ते वाक्यही लिहू द्यावे. वाक्य चुकले तरी चालेल. चुकलेले वाक्य दुरुस्त करता येते, न केलेले वाक्य कोणास दुरुस्त करता येणार? दिवसाला दहा शब्द घोकण्यापेक्षा दोन शब्द अशा रीतीने ओळखीचे झाले, तर वर्षअखेरीस त्या मुलाजवळ सहाशे-सातशे जिवाभावाचे शब्द असतील. आणि वेस्ट यांचा सारा कोश अवघ्या १४९० शब्दांवर उभा आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

वडीलमाणसांपैकी ज्यांना इंग्रजी बेताचे येते, त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. या कामात लागणारे मुख्य साधन इंग्रजी नसून चांगली मराठी हे आहे. ज्याला नेसणे आणि घालणे यांतला भेद ठाऊक आहे, दिसणे आणि पाहणे यांतला भेद ठाऊक आहे, त्यालाच 'सी' आणि 'लुक' यांतला भेद मुलाला पटवता येतो. मुलाची मराठी जितकी भरीव, तितकी इंग्रजीला उभे राहावयास जमीन पक्की. एक भाषा चांगली यावी म्हणून दुसरी विसरावी, हा विचार पाया खणून काढून मजला चढवण्यासारखा आहे.

प्रारंभी जी मुलगी वही घेऊन उभी होती, तिच्या आजोबांनी तिला जवळ बसवले. वहीतल्या तांबड्या रेघेविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, "अगं, आईबरोबर मंडईत जाताना पिशवी तू काय करतेस?"

"नेते," मुलगी म्हणाली.

"आणि येताना भाजी?"

"आणते."

"मग झालं तर. इथून तिकडे नेणं ते टेक, आणि तिकडून इकडे आणणं ते ब्रिंग. हे तुला इंग्रजी शिकण्याच्या आधीपासून येत होतं."

मुलीने क्षणभर विचार केला आणि पुस्तक उघडून ते वाक्य पुन्हा वाचले. 'हे पत्र तुझ्या मामांकडे ने.' मग ती म्हणाली, "पण आजोबा, तो मामा आहे हे कसं कळायचं?"

"ते शब्दावरून नाही कळायचं," आजोबा म्हणाले, "त्यासाठी सगळी गोष्ट वाचावी लागते."

चूक कोणाची, हे तिने पुन्हा विचारले नाही. ती पाठाच्या पहिल्या ओळीपासून वाचावयास बसली.